मुका बोलतो हे बाबांना सांगू नका

आमच्या बाबांना नाटकाचा शेवट आधीच कळायचा. कौतुक म्हणून सांगत नाही, तक्रार म्हणून सांगते.

दिवाळी झाली की आमच्या गावी, कोंढ्याला, मंडई भरते, म्हणजे जत्राच. पाहुणे येतात, लेकी माहेरी येतात, दिवसभर जिलेबी, चिवडा, फुगे, पाळणे चालतात आणि रात्री नाटक. माझ्या लहानपणी झाडीपट्टीतलं, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातलं, नाटक खुर्चीत बसून पाहायची सोय नव्हती. जमीन खणून केलेल्या खोलगट जागेत पोती अंथरायची, अंगावर चादर घ्यायची आणि उजाडेपर्यंत हलायचं नाही. मी बाबांना टेकून बसायची. मध्यंतर झालं, चहावाला फिरायला लागला, की बाबा कप हातात घेऊन आजूबाजूच्या चार रांगांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगून मोकळे व्हायचे, "मुनीमच हाये. मुनीमानंच मारलं त्याले. पाह्य तू."

आणि शेवटी मुनीमच निघायचा.

लोक भयंकर चिडायचे. बाबा बसले की शेजारचे पोतं उचलून दुसरीकडे जायचे. एका वर्षी गावच्या मंडळानं उपाय काढला. मान देतो म्हणून बाबांना रंगमंचाच्या बाजूला, पेटी-तबलेवाल्यांजवळ बसवलं. तिथून बोलले तरी प्रेक्षकांपर्यंत जाणार नाही, असा त्यांचा अंदाज. बाबांनी मग पेटीवाल्यालाच शेवट सांगितला. पेटीवाल्याला तो ठाऊकच होता, रोज वाजवत होता बिचारा. पण बाबांना त्याचं काय!

मुळात त्यांचं तोंड बंद राहायचंच नाही. बैलांशी बोलायचे, बांधावरच्या बगळ्यांवर खेकसायचे, एस्टीच्या कंडक्टरला घरची भाजी काय झाली ते सांगायचे. मी शाळेत निघाली की "जेवून जा बाई". ताटावरून आत्ताच उठली, हात अजून ओला, तरी "जेवून जा बाई". लग्न होऊन भंडाऱ्याला निघाली तेव्हा मांडवातले सगळे रडत होते, आणि बाबा गाडीच्या खिडकीत वाकून तेच! हजार माणसांच्या पंगती उठल्या होत्या, माझ्या पोटात लाडू गच्च बसला होता. मी रडता रडता हसली.

तर शेवट कसा कळतो, हे मी त्यांना एकदा विचारलं होतं.

"सोपं हाये बाई," बाबा म्हणाले. "जो सर्वात गोड बोलते, त्याच्यावर एक डोळा ठेवायचा. आन् ज्याले काहीच काम नाही, नुसता कोपऱ्यात उभा करून ठेवला, त्याच्यावर दुसरा. लेखक कोणाले फुकट उभा नाही करत."

हे दोन नियम माझ्या डोक्यात पक्के बसले. त्यांचा उपयोग मी पुढे त्यांच्याच विरुद्ध केला.

सासरी आमचं पितळी भांड्यांचं दुकान. लग्नसराई सोडली तर दुपारी गिऱ्हाईक कमी, म्हणून मी गल्ल्यामागे बसून वाचायची. वाचता वाचता लिहायला लागली, आणि मला नाटक लिहिता येतं हे मला फार लवकर कळलं. उगीच नम्रपणा कशाला? येतं मला. बाईनं झाडीपट्टीचं नाटक लिहिलं म्हणून आधी लोक हसले, मग त्याच लोकांनी तिकिटं काढली.

गोष्ट फोडणाऱ्यांचा राग मात्र माझा लहानपणापासूनचा. बाबांनी तो पेरला आणि बाकीच्यांनी त्याला पाणी घातलं. एकदा वाचनालयातून जाडजूड कादंबरी आणली होती. नवरा हरवलेल्या बाईची. तो मेला की पळाला, यावरच सगळी गोष्ट उभी. पुरवून पुरवून वाचत होती मी, शेवट लवकर येऊ नये म्हणून. तेवढ्यात तिच्यावर टीव्हीची मालिका आली. कणीक मळता मळता बाहेर आली, पाहते तर काय, शीर्षकगीतातच तो हरवलेला नवरा दुसऱ्याच एका बाईच्या गच्चीवर पतंग उडवतो आहे! "अरे मेल्यांनो!" मी इतक्या जोरात ओरडली की आमच्या ह्यांना वाटलं दूध उतू गेलं.

सिनेमेवाले तर आता आधीची गोष्ट नंतर काढतात. हिरो तरुणपणी दरीत पडतो, संगीत थांबतं, आपण श्वास रोखायचा. कायले रोखायचा, बाप्पा? त्याच हिरोला मागच्या सिनेमात म्हातारा होऊन नातू खेळवताना पाहिलंय ना आम्ही! पण ही दूरची माणसं. आपल्याला त्यांच्यावर टीव्ही बंद करण्यापलीकडे काही करता येत नाही. माझ्यावर पाळी आली तेव्हा गोष्ट वेगळी झाली.

मला आयुष्यात एकदा, फक्त एकदा, बाबांना फसवायचं होतं. मध्यंतरात त्यांनी छातीठोक चुकीचं नाव घ्यावं आणि शेवटी तोंडाचा आ करून बघत राहावं. त्यासाठीच मी ते नाटक लिहिलं. लोक विचारतात प्रेरणा काय, मी सांगते, बाबांची खोड मोडणं.

नाटक असं. मोठ्या घरची एक मुलगी, लग्नाला आलेली. घरात कोणीतरी एक माणूस खोटं जगतो आहे, हे पहिल्या अंकात कळतं. कोण, ते शेवटपर्यंत कळत नाही. तो असतो घरातला मुका गडी. मुलगी खरं म्हणजे त्याची. बायको बाळंतपणात गेली, तेव्हा लेकरू जगावं म्हणून त्यानं ते मूलबाळ नसलेल्या मालकाला दिलं. अट एवढीच की याबद्दल कधी तोंड उघडायचं नाही. त्यानं अट अशी पाळली की तोंडच उघडलं नाही. पोर डोळ्यासमोर वाढावी म्हणून मुका होऊन त्याच घरी गडी राहिला. शेवटी पोर सासरी निघते आणि मुका बोलतो. तीन शब्द बोलतो, आणि पडदा पडतो.

आता बाबांसाठी केलेला बंदोबस्त पाहा. मुक्याला मी एक क्षणही कोपऱ्यात उभा ठेवला नाही. पाणी भरायला लावलं, बैल हाकायला लावले, गुंडांशी मारामारी दिली, एका गाण्यात नाचवला. आणि गोड बोलायला एक मामा ठेवला, गुळाच्या ढेपेसारखा. मामा हा बाबांसाठी लावलेला गळ होता.

नाटक चाललं. चाललं म्हणजे काय, धावलं! मुका बोलला की बाया पदर तोंडाला लावायच्या, पुरुष उगीच खोकायचे. पण त्या हंगामात कोंढ्याच्या मंडळानं दुसऱ्या कंपनीला शब्द देऊन ठेवला होता, आणि बाबा हट्टाला पेटले. "पोरीचं नाटक मी आपल्या गावच्या मंडईत पाहीन. लोकाच्या गावी उपऱ्यासारखा बसून पाहणार नाही." मी म्हटलं ठीक आहे, पुढच्या वर्षी. गुपित वर्षभर टिकेल, त्यात काय?

तिथं माझं नाटक करणाऱ्या कंपनीच्या मालकानं घोळ केला. उन्हाळ्यात दुकानात आला, लग्नाची घागर बघायला आल्यासारखा इकडेतिकडे बघत म्हणाला, "ताई, लोकाले पाह्यचं हाये, तो मुका काहून झाला."

"ते शेवटी समजते न."

"मंग तेच मोठं करून दाखवू. पहिला भाग काढू आता."

"दुसरा आधी आन् पहिला मागून? आन् त्यात मुका बोलन का?"

"बोलन म्हणजे?" मालक खूश होऊन म्हणाला. "तीन गाणे हाये त्याले!"

माझ्या हातात पितळी गडवा होता. फेकला नाही, एवढंच. त्याला समजावलं की भाऊ, मुका आधीच गाणी म्हणायला लागला तर माझ्या नाटकात राहिलं काय? तो म्हणाला, लोक दोन्ही पाहतील. मी लिहायला नकार दिला. त्यानं दुसऱ्याकडून लिहून घेतलं, आणि दिवाळी सरते न सरते तोच पहिला भाग गावोगाव लागला. फलकावर मुका तोंड उघडून, हात पसरून गात होता. भोंगा लावलेली ऑटो ओरडत फिरायची, "पाहा, पाहा, बोलणारा मुका!"

त्याचा परिणाम मी लाखनीकडच्या एका गावात डोळ्यांनी पाहिला. तिथं आदल्या आठवड्यात पहिला भाग होऊन गेला होता. माझं नाटक सुरू झालं, मुका खांद्यावर घडा घेऊन आला, आणि मागून एक जण ओरडला, "बोल न बे! कायले नाटक करतं?" सगळा जमाव हसला. मी विंगेत उभी होती. अपमान माणसाचा होतो तसा गोष्टीचाही होतो, आणि तो लिहिणाऱ्याच्या अंगावर येतो. मला रडू आलं, आणि रडू आल्याचा जास्त राग आला.

पण कोंढ्याची मंडई अजून व्हायची होती. पहिला भाग कोंढ्याच्या आसपास लागलेला नव्हता. बाबा अजून कोरे होते. मी ठरवलं, बाकी महाराष्ट्राला कळो, बाबांना कळता कामा नये.

घरातून सुरुवात केली. भावाला, आईला ताकीद दिली. पहिल्या भागाचं नावही घरात काढायचं नाही. मग मंडईच्या आधी चार दिवस माहेरी येऊन बसली आणि पहिल्याच सकाळी चहाच्या टपरीवर उभी राहून सगळ्यांना सांगितलं, "इतके वर्षं बाबानं तुमचे नाटकं फोडले. बदला घ्यायचा हाये का? मंग एकच करा. मुका बोलते हे बाबाले सांगू नका."

गावानं ते असं उचलून धरलं की मला वाटलं, ह्यांची निवडणुकीतही एवढी एकी होत नसेल. सलूनवाला दाढी करताना बाबांशी फक्त धानाच्या भावाबद्दल बोलायचा. कंपनीनं वेशीवर इथंही तोच फलक लावला होता, मंडळानं त्यातलं मुक्याचं उघडं तोंड हाराखाली झाकलं. भोंग्याची ऑटो आली तेव्हा मी स्वतः रस्त्यात आडवी उभी राहिली.

"बाई, बाजूले व्हा न," निवेदक म्हणाला.

"हे नाटक मी लिवलं. काय म्हणणार हायेस गावात?"

"बोलणारा मुका."

"ते शब्द काढले तर तुलेच मुका करीन. म्हण, या नाटकात एक मुका आहे. बस."

"एवढंच? लोक कायले येतीन मंग?"

पण तेवढंच म्हणत फिरला बिचारा, आवाज पाडून, जशी काही शोकसभेची सूचना. आणि तेच ऐकून लोक जास्त आले.

त्याच्या आदल्या आठवड्याची एक गोष्ट सांगायची राहिली. आईनं फोनवर सांगितलं होतं की बाबा वरठीला गेलेत, मुक्कामाला. कारखान्यात होता तो जुना दोस्त, त्याची तब्येत बरी नाही म्हणे. भंडाऱ्याच्या स्टँडवर गाडी बदलावी लागते, आमचं दुकान तिथून हाकेच्या अंतरावर, आणि बाबा डोकावले नाहीत. मला राग आला. पण म्हटलं बरं झालं, भोंग्यापासून दूर राहिले.

नाटकाच्या रात्री मी बाबांच्या शेजारी बसली. आता खाली पोती नव्हती, मंडळानं खुर्च्या मांडल्या होत्या, बाबा पहिल्या रांगेत. मुका आला, घडा ठेवून गेला. मुका आला, बैल सोडून गेला. मागून एक ओठ हलला नाही. सगळं गाव दात आवळून बसलं होतं. मी नाटक पाहत नव्हती, बाबांचं तोंड पाहत होती, आणि ते तोंड दगडाचं.

मध्यंतर झालं. बाबांनी चहा घेतला, फुंकला, एक घोट मारला. सभोवतालच्या खुर्च्या आपोआप जवळ सरकल्या.

"मामा," बाबा म्हणाले. "मामाच हाये. खोटं तोच जगते."

बाप्पा रे! मी भावाला इतक्या जोरानं चिमटा काढला की तो कळवळला. मागच्या रांगेत सलूनवाल्यानं मफलर तोंडात कोंबला. बाबांचा कधी न हुकलेला नेम आज हुकला होता, गळ गिळला होता त्यांनी, सरळ घशापर्यंत. मला त्या क्षणी कोणी राष्ट्रपतीचं पदक दिलं असतं तर मी म्हटलं असतं, ठेवा बाजूला, नंतर घेते.

शेवटचा प्रवेश आला. पोर नटूनथटून उंबऱ्यात उभी, बाहेर गाडी तयार. सगळे निरोप देऊन झाले. मुका पुढे आला. पोरीनं वाकून त्याच्या पायाला हात लावला, जसा घरातल्या जुन्या गड्याच्या लावतात. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तोंड उघडलं.

"जेवून जा बाई."

पडदा पडला. मागून आरोळी आली, "काका फसले!" शिट्ट्या वाजल्या, टाळ्या पडल्या. मी विजयानं बाबांकडे वळली आणि माझं हसू जागीच राहिलं. बाबांनी खांद्यावरचा दुपट्टा तोंडावर घेतला होता आणि ते हमसून हमसून रडत होते. खांदे हलत होते. भाऊ घाबरला, पाणी आणायला धावला. शिट्ट्या हळूहळू थांबल्या, आणि सलूनवाला येऊन बाबांच्या पाठीवर हात फिरवत उभा राहिला.

सकाळी कंपनीची माणसं आमच्या घरी नाश्त्याला आली. लेखिकेचं माहेर म्हणून आईनं हट्टानं बोलावलं होतं. तर्रीपोह्यांचं पातेलं मध्ये, सगळे ओसरीवर मांडी घालून. मुक्याचं काम करणारा नट प्रत्यक्षात भलता बडबड्या. रात्रभर गप्प राहावं लागतं, त्याची भरपाई दिवसा करतो. बाबांना बघून म्हणाला, "काका, दोन-दोन वेळा पाह्यता तुमी आमाले! त्या दिवशी वरठीकडे बी पहिल्या भागाले आले होते न, समोरच बसले होते. नाटक झाल्यावर मले म्हणाले, मी आलो होतो हे माझ्या पोरीले सांगू नोको..." आणि मग त्यानं हात तोंडावर ठेवला. फार उशिरा ठेवला.

बाबा पोह्यात लिंबू पिळत राहिले, लिंबू संपून साल उरलं तरी.

"बाबा," मी म्हटलं. "दोस्ताची तब्येत कशी हाये?"

"बरी हाये."

"पहिला भाग पाह्यला तुमी."

"लोकं म्हणे, तुया पोरीचं दुसरं नाटक लागलं. मले काय माहीत, ते तुवा लिवलं नाही? मंडईपर्यंत राह्यवलं नाही मले." मग म्हणाले, "बेकार होतं. तो गाणेच म्हणते नुसता."

"मंग काल मामा कायले म्हटलं?"

"तुनं मामा माझ्यासाठीच ठेवला होता न? दिसला मले. एवढी मेहनत केली पोरीनं, म्हटलं घ्या गिळून."

म्हणजे गाव बाबांपासून गुपित लपवत होतं, आणि बाबा गावापासून. मुनीम, सावकार, जुळा भाऊ, कोणाचंच गुपित ज्यांच्या पोटात मध्यंतरापलीकडे राहिलं नाही, ते बाबा आठवडाभर गावात हिंडले, सलूनमध्ये बसले, टपरीवर चहा प्यायले आणि ब्र काढला नाही. आणि गावासमोर हरले, माझ्यासाठी. मला भरून आलं आणि त्याच वेळी एक घाणेरडी शंका मनात आली. ती मी विचारून टाकली, कारण मनात ठेवणं मलाही जमत नाही. बापाचीच लेक.

"आन् शेवटी तुमी रडले? ते बी मले बरं वाटावं म्हणून का?"

बाबांनी बशी खाली ठेवली. माझ्याकडे बघितलं नाही, अंगणाकडे बघत बोलले.

"मुका बोलते, हे मले माहीत होतं. तो माझं बोलणं बोलन, हे कोणी सांगतलं होतं मले?"

दुपारी भंडाऱ्याची गाडी होती. मी पिशवी घेऊन दारात आली तेव्हा बाबा ओसरीवरच बसले होते. त्यांनी तोंड उघडलं, आणि काहीच न बोलता मिटलं. लाजले असावेत. मी पिशवी खुंटीला लावली, आत गेली आणि आईला म्हटलं, मला वाढ.